छान आहे, ठेवून दिलाय

आमच्या सोसायटीत घरी काहीही न बनवणारं एकच बिऱ्हाड उरलं होतं आणि ते आमचं होतं.

तळमजल्यावर कोकमाचं आगळ. पहिल्या मजल्यावर अंडं घातलेले आणि न घातलेले केक. दुसऱ्यावर मेणबत्त्या, बी विंगेत काजळ, नाताळ जवळ आला की समोरच्या वहिनींकडे नेवऱ्या आणि कुलकुलच्या ऑर्डरी. चौथ्या मजल्यावर बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत. त्यांनीसुद्धा गॅलरीत मेथीचे बोटभर कोंब उगवले आणि त्यांना 'मायक्रोग्रीन्स' म्हणायला सुरुवात केली. वास्तविक वसई म्हणजे वाड्यांचा मुलूख. निर्मळ, गास, भुईगाव या बाजूला भाजीचे वाफे अजून शिल्लक आहेत, तिथली जुडी बाजारात येते तेव्हा आपण पाच रुपयांसाठी घासाघीस करतो. इथे हे गृहस्थ चिमूटभर मेथी पारदर्शक डबीत घालून साठ रुपयांना विकतात. आणि ती संपते! दिवाळीत आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर शुभेच्छांच्या आधी दरपत्रकं येऊन पडतात.

एकदा लिफ्टमध्ये केकवाल्यांच्या मुलीने मला विचारलं, "काका, तुमचं काय आहे?"

"मी निवृत्त झालो."

"हो, पण बनवता काय?"

तीस-बत्तीस वर्षं विरार लोकलमध्ये उभं राहून चर्चगेट गाठलं, त्यात एक पाय खाली टेकवायला जागा मिळवणं हेच माझं कौशल्य. ते डबीत भरून विकता येत नाही. लिफ्ट थांबेपर्यंत मी ठरवून टाकलं होतं. साबण.

साबणच का, तर तो कुणी खात नाही. केक खाल्ल्यावर लोक 'थोडा कोरडा झालाय' म्हणतात, लोणच्याला 'आमच्या आईचं वेगळं असायचं' म्हणतात. साबणाला आमच्या आईचं वेगळं असायचं असं म्हणणारा माणूस अजून जन्माला आलेला नाही. शिवाय बारावीला मला केमिस्ट्री होती. किती गुण होते हा तपशील इथे अप्रस्तुत आहे.

"मी साबण करणार आहे," मी घरी जाहीर केलं. "घरगुती, नैसर्गिक, केमिकल-फ्री."

"त्यात पडतं काय?" बायकोने विचारलं.

"खोबरेल तेल, पाणी आणि कॉस्टिक सोडा."

"कॉस्टिक सोडा म्हणजे काय, कोथिंबीर?"

मी तिला शांतपणे समजावलं की तयार साबणात सोडा उरतच नाही, तेलाशी त्याची रासायनिक क्रिया होऊन साबण आणि ग्लिसरीन तयार होतं.

"रासायनिक," ती म्हणाली आणि भाजी चिरायला निघून गेली.

हा घाव वर्मी लागला. म्हणून सुरुवात कॉस्टिकशिवाय करायची ठरली. माझा एक वाडीवाला मित्र आहे, त्याने फोनवरच निकाल लावला, "कॉस्टिक कशाला रे? केळीची राख घे. पूर्वी लोक केळीच्या राखेच्या पाण्यात कपडे धुवायचे. आसामात तर केळीचा खार अजून जेवणात घालतात." केळी म्हटल्यावर वसईच्या माणसाला फार लांब जावं लागत नाही. संध्याकाळपर्यंत त्याने वाळलेल्या सोपटांचे भारे रिक्षातून पाठवले. मी ते गच्चीत नेले, पत्र्याच्या डब्यात कोंबले आणि काडी लावली.

केळीचं सोपट पूर्ण वाळलेलं असलं तरी मनातून ओलं असतं. ज्वाळा कमी, धूर फार. तो धूर अगदी वेळ साधून बी विंगेच्या वाळत घातलेल्या कपड्यांकडे वळला. सेक्रेटरी धापा टाकत वर आले.

"काय जाळताय?"

"केळी."

"का?"

"साबणासाठी."

सेक्रेटरींनी डोळे मिटून घेतले. दुसऱ्या दिवशी फलकावर सूचना लागली : 'गच्चीत पापड वाळत घालणाऱ्यांनी चादर स्वतःची आणावी. तसेच केळी जाळू नयेत.' नाव घातलेलं नव्हतं, पण सगळे मला बघून हसत होते.

राख पाण्यात कालवून फडक्यातून गाळली, तांबूस पाणी निघालं. ते पुरेसं कडक आहे की नाही हे ओळखण्याची जुनी खूण म्हणजे त्यात कच्चं अंडं सोडायचं. त्याचा रुपयाएवढा भाग वर राहून ते तरंगलं तर पाणी कामाचं. मी अंडं आणलं तो नेमका सोमवार होता.

"सोमवारी घरात अंडं?" आई म्हणाली.

"आई, ते खायचं नाही. तरंगवायचंय."

"मग तलावावर जा."

अंडं तळाशी जाऊन बसलं. पाणी आटवून पुन्हा सोडलं, पुन्हा बसलं. मग वाचल्यावर कळलं की राखेत असतं पोटॅशियम कार्बोनेट. त्याला चुन्याची जोड दिल्याशिवाय ते तेलाला धड भिडत नाही. आणि भिडलं तरी पोटॅशचा साबण मऊ राहतो, त्याची वडी पडत नाही. म्हणजे इतका धूर काढून हाती आली असती ती पेज. कॉस्टिक सोडा अटळ होता.

कॉस्टिक सोडा हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. दुकानदाराने मागणी ऐकताच सहानुभूतीने मान हलवली.

"टॉयलेट की किचन?"

"नाही, तुंबलेलं काही नाही."

"मग?"

"अंघोळीसाठी."

दुकानातली दोन गिऱ्हाइकं बाजूला सरकली. दुकानदार काउंटरवर वाकून हळूच म्हणाला, "काका, घर में सब ठीक है ना?" सगळा खुलासा केल्यावर त्याने पुडी दिली, पण वर सल्लाही दिला की साबण करून झाला आणि उरला तर मोरीत टाका, बेस्ट आहे. त्याचं म्हणणं मी हसण्यावारी नेलं.

पाण्यासाठी मी बॅटरीच्या दुकानातून डिस्टिल्ड वॉटरचा कॅन आणला. आमच्याकडे नळाला येणारं पाणी, टँकरचं पाणी आणि बोअरिंगचं पाणी अशी तीन पाण्यं आहेत. त्यातल्या बोअरिंगच्या पाण्यात इतके क्षार आहेत की बादली आटली तर मीठ विकायला काढता येईल. बॅटरीवाल्यानेही विचारलं, "इन्व्हर्टर कितीचा?" वसईत कुठल्याही वस्तूचा साबणाशी संबंध आहे हे लोकांना पटवणं फार अवघड आहे.

आता वजन. प्रत्येक तेलाला साबण व्हायला किती सोडा लागतो याचा आकडा ठरलेला असतो. खोबरेलाला तो ग्रॅममागे ०.१८३ ग्रॅम. म्हणजे ५०० ग्रॅम तेलाला साडेएक्याण्णव ग्रॅम. अंगावर सोडा राहू नये म्हणून थोडं तेल मुद्दाम मोकळं सोडायचं, पाच टक्के सोडलं तर सोडा ८७ ग्रॅम. हे गणित मी एका संध्याकाळी सोडवलं आणि कित्येक वर्षांनी मला मुलाला पेपर दाखवावासा वाटला. पण आमच्या स्वयंपाकघरातला काटा पाच-पाच ग्रॅमच्या उड्या मारतो. बायकोने डाएटसाठी घेतलेला, तिच्या सोयीचा. ८७ त्याला माहीतच नाही. अचूक वजन म्हणजे सोनार. मी ओळखीच्या पेढीवर गेलो, पुडी काउंटरवर ठेवली आणि कुजबुजलो, "एवढं ८७ ग्रॅम करून द्या."

सोनाराने पांढरे दाणे बघितले, मला बघितलं, मग वर कॅमेऱ्याकडे बघितलं.

"हे काय आहे?"

"सांगतो. आधी हात लावू नका."

हे वाक्य त्या दुकानात बोलायला नको होतं. काटा शेवटी ऑनलाइन मागवला.

तेलाच्या निवडीतही घरचं राजकारण आलं. नुसत्या खोबरेलाच्या साबणाने अंग कोरडं पडतं, म्हणून त्यात थोडं एरंडेल घालावं, फेसही दाट येतो, असं सगळ्या जाणकारांचं मत. मी बाटली आणली.

"साबणात एरंडेल?" आई म्हणाली. "अंग धुवायचंय की पोट?"

लहानपणी शनिवारी सकाळी नाक दाबून पाजलेल्या एरंडेलाची तिला आणि मला एकदमच आठवण झाली. बाटली कपाटात गेली. निव्वळ खोबरेल ठरलं, पण मोकळं तेल मात्र पाच टक्केच राहिलं. या एका निर्णयाने पुढे काय काय केलं ते येईलच.

स्वयंपाकघर मिळवायला तह करावा लागला. वसईत मे महिन्यात तह करायची परंपरा १७३९ पासूनची आहे. चिमाजीअप्पांनी पोर्तुगीजांना निदान सन्मानाने किल्ल्याबाहेर पडू दिलं. मला ओटा पुसून, भांडी घासून आणि संध्याकाळच्या स्वयंपाकाआधी बाहेर पडायचं होतं. साबणाला वापरलेलं एकही भांडं परत स्वयंपाकाला घ्यायचं नाही, ती भांडी माझ्या पैशांनी नवीन येतील, हे शेवटचं कलम तिने तोंडी घातलं.

प्रत्यक्ष दिवशी मी पूर्ण बाह्यांचा शर्ट, त्यावर रेनकोट, रबरी हातमोजे आणि डोळ्यांच्या रक्षणासाठी मोटारसायकलचं हेल्मेट अशा तयारीने ओट्यापुढे उभा राहिलो. मे महिन्यातली दुपार, पंखा बंद, कारण वाऱ्याने सोडा उडतो. पहिल्याच मिनिटाला काचेवर आतून वाफ धरली. तेवढ्यात गॅसचा सिलिंडर आला. पोऱ्याने मला आपादमस्तक न्याहाळलं.

"काका, बाहेर निघालात?"

"नाही. साबण करतोय."

"बरं," म्हणून त्याने सिलिंडर दाराबाहेरच ठेवला.

साबणाचा पहिला नियम असा की पाण्यात सोडा टाकायचा, सोड्यावर पाणी ओतायचं नाही. उलट केलं तर उसळून अंगावर येतं. हा नियम मी कागदावर लिहून फ्रिजला चिकटवला होता. दाणे पाण्यात पडले तसा 'चर्र' आवाज झाला, पाणी आधी गढूळ झालं आणि मग कुठलीही आच नसताना स्टीलचं पातेलं हात लावू देईना. नाकात झोंबणारा वास आला म्हणून खिडकीकडे पळालो, हेल्मेट खिडकीच्या गजांवर आपटलं. हे पाणी सहज ऐंशी-नव्वद अंशांवर जातं. ते मोजायला घरात तापमापक एकच, करोनात घेतलेलं, कपाळावर रोखायचं पिस्तूल. मी ते पातेल्यावर रोखलं. ते लाल झालं आणि टिट-टिट करून सांगू लागलं की पेशंटला ताप आहे.

हा आवाज ऐकून आई आली. मुलाची धडपड बघवेना, म्हणून तिने मायेने पुढे होऊन हाताशी असलेला डाव पातेल्यात घातला आणि ढवळू लागली. डाव जर्मनचा होता. कॉस्टिक आणि ॲल्युमिनियम यांचं मुळीच पटत नाही. पाणी फसफसून वर आलं, डाव काळा पडला, बुडबुड्यांची रांग लागली.

"काय होतंय?" बायको दारातून ओरडली.

"काही नाही. हायड्रोजन निघतोय."

"बॉम्बमधला?"

"तोच. पण थोडा."

तिने पळत जाऊन गॅसची मुख्य चावी बंद केली आणि आईला देवघरात नेऊन बसवलं. मी ते काळं पाणी जपून न्हाणीघरात नेऊन मोरीत ओतलं आणि वरून बादल्या मारल्या. ही मोरी वर्षभर तुंबत होती. दोन प्लंबर येऊन पैसे घेऊन गेले होते. ती क्षणभर गुरगुरली, ढेकर दिली आणि खळखळ वाहू लागली. बायको आत येऊन बघून गेली. "हे मात्र छान केलंत," ती म्हणाली. साबणनिर्मितीच्या सबंध काळात तिने केलेलं हे एकमेव कौतुक, आणि त्याचं श्रेय हार्डवेअरवाल्याचं.

पुन्हा पाणी, पुन्हा ८७ ग्रॅम, पुन्हा चर्र. निवल्यावर ते तेलात ओतलं आणि हँड ब्लेंडर लावला. व्हिडिओंमधल्या कॅनडाच्या आणि इंग्लंडच्या बायका हा प्रकार दोन मिनिटांत उरकतात. मागे खिडकीत बर्फ, समोर लॅव्हेंडर, अंगावर लोकरीचं जाकीट. ब्लेंडर फिरवताना त्या बकरीच्या दुधाबद्दल बोलतात. मी अर्धं मिनिट फिरवला आणि लाइट गेली.

आता हे मिश्रण असं अर्ध्यावर सोडता येत नाही. तेल आणि पाणी लगेच फारकत घेतात. बायकोने निमूटपणे ताकाची रवी काढून दिली. तहातलं शेवटचं कलम आठवून तिचे ओठ हलले. मी घुसळू लागलो. हेल्मेट काढलं, रेनकोट काढला, घामाने हातमोज्यांत पाणी साचलं. शेवटी आई देवघरातून उठून आली. मला बाजूला सारलं, माझेच हातमोजे चढवले, पदर खोचला आणि एका लयीत रवी फिरवू लागली. थोड्याच वेळात मिश्रण दाटलं. रवी उचलली की खाली पडणारी धार वर रेघ धरून राहू लागली, बुडेना. ही रेघ दिसली की साबण जमला म्हणायचं.

"लोणी येणार का?" आईने विचारलं.

याच क्षणी वास घालायचा असतो. विकतची अत्तरं मला घालायची नव्हती. वसईचा मोगरा आणि चाफा रोज पहाटे लोकलने दादरच्या फुलबाजारात जातो, मग आपल्या साबणात त्या मातीचा मोगरा का नसावा? वाडीवाल्या मित्राने पाठवलेल्या पांढऱ्याशुभ्र कळ्या मी त्यात ओंजळीने सोडल्या. नव्या साबणातला सोडा फुलांना जगू देत नाही. दुसऱ्या दिवसापर्यंत मोगऱ्याचा वास गेला, रंग गेला आणि शुभ्र वडीत जागोजागी उंदराच्या लेंड्यांसारखे तपकिरी कण तेवढे राहिले. मी ग्रुपवर फोटो टाकला. तळमजल्यावरून लगेच विचारणा झाली, "जिरं का?"

साचा म्हणून आईचा श्रीखंडाचा डबा घेतला होता. मी ज्या व्हिडिओचं ऐकत होतो त्यातली बाई ऑलिव्ह तेलाचा साबण करत होती. तो चोवीस तास ठेवून कापायचा असतो. निव्वळ खोबरेलाचा साबण मोठ्या घाईचा, तो काही तासांतच आवळतो आणि जरा कोमट असतानाच कापावा लागतो. हे मला सकाळी समजलं. सुरी आत शिरेना. जोर लावला तर कपचा उडाला आणि थेट फोडणीच्या डब्यात. मग सुरा. मग कोयता. सोसायटीत सकाळी सात वाजता कोयत्याचे घाव ऐकू येऊ लागल्यावर सेक्रेटरींचा फोन आला. शेवटी बायकोने विळी पुढ्यात घेतली, अंगठा सांभाळून नारळाच्या कातळ्या काढतात तशा हाताने वड्या पाडल्या. एकही वडी दुसरीच्या मापाची नव्हती. अशा साबणाला बाजारात 'हँडमेड' म्हणतात आणि त्याचे जास्त पैसे घेतात, हे मी तिला सांगितलं.

साबण खरोखर झाला का, हे तपासायची पद्धत सभ्य नाही. वडीवर ओलं बोट फिरवायचं आणि ते जिभेच्या टोकाला टेकवायचं. बॅटरीला जीभ लावल्यावर बसतो तसा झटका बसला तर सोडा शिल्लक आहे. नुसती साबणाची चव आली तर काम फत्ते. मी खिडकीशी उभा राहून, डोळे मिटून, जीभ बाहेर काढून झटक्याची वाट बघत होतो. दुसऱ्या हातात अर्थातच साबण होता. आणि दारात पुण्याहून आलेले चुलतसासरे उभे.

मला काही बोलता येईना, कारण जीभ बाहेर होती. सासरे सरळ आत गेले आणि पुतणीला दबक्या आवाजात म्हणाले, "जावईबापूंचं हे... कधीपासून?"

संध्याकाळच्या आत कोथरूडपर्यंत बातमी पोचली होती. रात्री मेव्हण्याचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्याने विचारलं, "भाऊजी, जेवण वगैरे वेळेवर होतं ना?"

झटका मात्र बसला नाही! साबण झाला होता.

पण झालेला साबण लगेच वापरायचा नसतो. चार ते सहा आठवडे हवेत वाळवायचा, म्हणजे पाणी उडून तो घट्ट आणि सौम्य होतो. हवेत. कुठल्या हवेत? इथे जून लागला की वसईची हवा अर्धी पाणीच असते. चामड्याच्या पट्ट्याला बुरशी, पापड मऊ, दारं चौकटीत अडकतात. माझ्या साबणातलं ग्लिसरीन त्या हवेतला ओलावा ओढून घेऊ लागलं. रोज सकाळी प्रत्येक वडीवर घामाचे थेंब. मी पुसायचो, उलटायचो, पंख्याखाली ठेवायचो. बायको म्हणाली, "मुलगा झाला तेव्हा रात्री एकदा उठला होतात का?"

एके सकाळी एक वडी गायब. कपाटामागे तिचा अर्धा भाग सापडला, कडेला बारीक दातांच्या कोरीव नक्षीसह. साबण म्हणजे शेवटी चरबीच, उंदराला तो आवडतो. मला मात्र मनापासून बरं वाटलं. माझा माल स्वतःहून उचलून नेणारं ते पहिलं गिऱ्हाईक होतं.

आता मुख्य काम उरलं, वाटपाचं. विकायचं तर मनातही नव्हतं. अंघोळीचा साबण कायद्याने सौंदर्यप्रसाधनात मोडतो आणि तो बनवून विकायचा तर १९४०च्या औषध व सौंदर्यप्रसाधन कायद्याखाली परवाना लागतो. म्हणून भेट. मी खाकी कागदात वड्या गुंडाळल्या, सुतळीची गाठ मारली आणि सोसायटीभर फिरलो. दारोदारी एकच दृश्य. "अय्या! घरी केला? काय सुंदर!" मग वास घेणं. मग चेहऱ्यावर क्षणभर शोध. मग "मस्त... नैसर्गिक वास आहे." एकानेच तांत्रिक प्रश्न विचारला, तेही चौथ्या मजल्यावरच्या मायक्रोग्रीन्सनी. "टीएफएम किती?" साबणातल्या स्निग्धांशाचा हा आकडा. अंघोळीच्या पहिल्या प्रतीच्या साबणात तो किमान ७६ टक्के हवा असं भारतीय मानक सांगतं. आयुष्यभर साबणाच्या कागदाकडे न बघितलेल्या माणसाला फुकट साबण मिळताच टीएफएम आठवतो. मी म्हणालो, "तुमच्या मेथीत लोह किती?" त्यानंतर आमचं बोलणं कमी आहे.

पंधरवड्याने मी अभिप्राय गोळा करायला निघालो.

"साबण कसा वाटला?"

"छान आहे! ठेवून दिलाय."

दुसरं दार. "इतका सुंदर आहे, वापरावासाच वाटत नाही. ठेवून दिलाय." तिसरं दार. "पाहुण्यांसाठी ठेवून दिलाय." मला मराठी माणसाची चांगली पारख आहे असा माझा समज होता. पण आपण न वापरण्याच्या वस्तूला इतक्या प्रेमाने नकार देतो हे मला ठाऊक नव्हतं. प्रत्येक घरात कुठल्या तरी कपाटात एक कप्पा असतो, तिथे लग्नातली काचेची बाउलं, साखरपुड्यातला लेमन सेट आणि आता माझा साबण.

ज्यांनी वापरला त्यांचं काय? लोकलच्या जुन्या ग्रुपमधला एक जण म्हणाला, "यार, अफलातून! पितळेची समई अशी निघाली म्हणतोस!" दुसऱ्याने स्कूटर धुतली होती. तिसऱ्याच्या बायकोने शर्टाच्या कॉलरला लावून बघितला आणि आणखी दोन मागितले. आमच्या कामवाल्या मावशींनी तर सरळ सांगितलं, "दादा, कढईला हाच द्या, बारवरचा पैसा वाचेल." समई, स्कूटर, कॉलर, कढई! अंगाला म्हणून कुणी लावलाच नाही. आईने लावला. बाहेर येऊन ती म्हणाली, "अरे, हात घासला की ताट घासल्याचा आवाज येतो."

ही एरंडेल कपाटात गेल्याची शिक्षा. निव्वळ खोबरेलाचा साबण जबरदस्त मळ काढतो, अंगावरचं स्वतःचं तेलही सोडत नाही. म्हणून त्यात पाच नाही, वीस टक्के तेल मोकळं ठेवतात. म्हणजे ५०० ग्रॅमला सोडा साधारण ७३ ग्रॅम पुरे. मी ८७ घालून, शास्त्रशुद्ध वजन करून, उत्तम प्रतीचा भांड्यांचा साबण बनवला होता.

नातेवाइकांनी धीर दिला. अशा वेळी प्रत्येक जण करसनभाई पटेलांचं नाव घेतो. १९६९ साली अहमदाबादेत घराच्या मागे पावडर बनवली, सायकलवरून दारोदार विकली आणि निरमा उभी राहिली. "म्हणजे बघ!" मेव्हणा म्हणाला. बायको म्हणाली, "ती कपड्यांची पावडर होती. त्यांनी कुणाला अंघोळ घातली नाही." मी अर्देशीर गोदरेजांचा दाखला दिला, शंभर वर्षांपूर्वी चरबीऐवजी वनस्पतितेलाचा साबण काढला. मी लीला चिटणीसांचाही दाखला दिला, १९४१ साली लक्सच्या जाहिरातीत झळकलेली पहिली भारतीय तारका आपली मराठी. ती म्हणाली, "मग तुमच्या जाहिरातीला कोण? उंदीर?"

एवढी शोभा झाल्यावर एक विजय मात्र माझा आहे आणि तो मी कुणाला देणार नाही. जुलैत दोन दिवस आमच्याकडे नळाला पाणी नव्हतं आणि मुसळधार पावसात टँकर आत येईना. सोसायटीने बोअरिंग चालू केलं. त्या खाऱ्या पाण्यात दुकानातला कुठलाही साबण फेस देत नाही, नुसता राखाडी साका अंगाला चिकटतो. खोबरेलाचा साबण तेवढा त्याला अपवाद, तो समुद्राच्या पाण्यातसुद्धा फेसाळतो. जहाजावरच्या खलाशांसाठी म्हणून पूर्वी असाच साबण करत. त्या दोन दिवसांत कपाटांचे कप्पे उघडले. तिसऱ्या मजल्यावरून पहिला मेसेज आला, "काका, तुमच्या साबणाला फेस येतोय!!" खाली अंगठे, टाळ्या, हात जोडलेले. सेक्रेटरींनी स्वतः फोन करून विचारलं, शिल्लक आहे का. लिफ्टमधली ती मुलगी म्हणाली, "काका, ब्रँडचं नाव काय ठेवताय?"

तिसऱ्या दिवशी नळाला पाणी आलं. दुपारपर्यंत साबण परत ठेवून देण्यात आले.

हिशेबही सांगतो, लपवण्यासारखं काही नाही. तेल, सोडा, काटा, ब्लेंडर, नवीन रवी, नवीन पातेलं, विळीला धार, डाव, अंडं आणि बी विंगेतल्या एका चादरीची ड्रायक्लीनिंग धरून आमची एक वडी बाजारातल्या चांगल्या साबणाच्या कित्येक पट महाग पडली. त्यातून प्लंबरचे पैसे वजा केले तर थोडी स्वस्त होते. दिवाळीत आईने मोतीच आणायला लावला. अभ्यंगस्नानाच्या पहाटे प्रयोग नकोत, असं तिचं म्हणणं पडलं आणि ते मला पटलं.

दुसरा घाणा मी वीस टक्के मोकळं तेल ठेवून, एरंडेल घालून आणि मोगरा न घालता केला आहे. तो चांगला आहे, बायको वापरते, पाहुणे आले की उचलून ठेवते. पहिल्या घाण्यातल्या बऱ्याच वड्या मात्र अजून शिल्लक आहेत. वसई-विरारमध्ये ज्यांच्याकडे खारं बोअरिंग, काळी समई किंवा तेलकट कढई आहे, त्यांनी अवश्य घेऊन जाव्यात. पैसे नकोत. फक्त ज्या कुणाकडे श्रीखंडाच्या डब्यातून साबण गेला आहे त्यांनी डबा तेवढा परत करा, आई रोज विचारते.